अम्मा काय म्हणाली?

कोडाईकनाल,
११ जून २०१८

ती. शेनबगम अक्कांस,
चोक्कलिंगमचा सा. नमस्कार.

पूंगोदै गेल्यापासून मी तुम्हाला पत्र लिहिलेलं नाही. तुम्हाला पत्र लिहिणं हे तुमच्या बहिणीचं काम होतं. मी फक्त शेवटी सही करायचो, तीही ती बोट ठेवील तिथे. फोन करावा तर तुम्हाला ऐकू येत नाही, मला ओरडावं लागतं, आणि जे सांगायचं आहे ते ओरडून सांगण्यासारखं नाही. तुमच्या सुनेच्या मोबाइलवर पाठवण्यासारखं तर मुळीच नाही. वाचून झालं की हे पत्र फाडून टाका.

आपला कदिर बिघडला आहे. दारू नाही. तो अळंबी खातो.

आमच्या डोंगरात पावसाबरोबर गवतात, गुरांच्या शेणाजवळ, एक लहानशी अळंबी उगवते. ती खाल्ली की माणसाला नसलेलं दिसतं. इथे हे सगळ्यांना माहीत आहे आणि कोणी बोलत नाही. बंगळूरची, केरळची पोरं त्यासाठीच येतात आणि तळं बघायला आलो म्हणून सांगतात. कदिर त्यांना वाट दाखवायचा. मला वाटलं, इंजिनिअरिंग सोडलं तरी पोरगा गाइड झाला. शेजारच्या तंगराजला मी ते अभिमानाने सांगितलंसुद्धा. पाऊस नसेल तेव्हा तीच पोरं त्याला जिभेवर ठेवायचे कागदाचे तुकडे देतात. त्यानेही तेच होतं.

मला कसं कळलं ते सांगतो, म्हणजे तुम्हाला जावयाची हुशारी कळेल. गच्चीवर पूंगोदैच्या पापड वाळवायच्या सुपात काहीतरी वाळत होतं. मी एक तुकडा हातात घेतला, वास घेतला आणि मनात म्हटलं, ओल राहिली आहे, टिकणार नाही. सूप उचलून उन्हात सरकवलं. अक्का, मी बागायत खात्यात नोकरी केली. शेतकऱ्यांना जमवून अळंबी कशी पिकवावी आणि कशी वाळवावी याचे वर्ग घेतले. माझ्या मुलाची नशा मी शास्त्रोक्त वाळवून दिली.

त्याला कुठेतरी ठेवायला हवं. चांगलं व्यसनमुक्ती केंद्र तुमच्या ऐकण्यात आहे का? नातेवाइकांनी विचारलं तर तो कसल्यातरी परीक्षेचा अभ्यास करतो आहे असं सांगा.

आपला,
चोक्कलिंगम


तेनकाशी,
१७ जून २०१८

चोक्कलिंगम जावईबापूंना शेनबगमचे अनेक आशीर्वाद.

पत्र फाडलं. आधी तीनदा वाचलं, मग फाडलं, मग सुनेने विचारलं काय फाडताय, तर म्हटलं जाहिरात.

अळंबी! आपल्या घरात ती कधी चुलीवर चढली नाही. आमची आई म्हणायची, तिला मटणाचा वास येतो, शैवांनी शिवू नये. तुम्ही तिचे वर्ग घ्यायला लागलात तेव्हाच मी पूंगोदैला म्हटलं होतं, तुझ्या नवऱ्याला भेंडी, वांगी काही मिळालं नाही का. पण अळंबीने पोट बिघडेल, डोकं कसं बिघडेल? नसलेलं दिसतं म्हणजे काय? मोतीबिंदू काढायच्या आधी मलाही दिसायचं. एकदा मी तुळशीवृंदावनाला 'या, बसा' म्हटलं होतं. कदिरला डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेलंत का?

माझं मत विचाराल तर पोरगा उपाशी आहे. आई गेली, घरात तुम्ही दोघे, आणि तुमचा स्वयंपाक मी खाल्लेला आहे. वर्षश्राद्ध झालं की त्याला मुलगी बघू.

तरी केंद्र म्हणता म्हणून सांगते. माझ्या नणंदेचा मुलगा गोमतीनायगम भयंकर प्यायचा. त्याला तेनीच्या पलीकडे एका ठिकाणी ठेवला होता. तीन महिन्यांनी आला तो कपाळभर भस्म लावून. आता विमा विकतो. दिसेल त्याला पॉलिसी घ्या म्हणतो. लोक म्हणतात, पीत होता तेव्हा निदान लवकर झोपायचा. पत्ता खाली दिला आहे.

तो नीट जेवतो का ते लिहा. तुम्ही जेवता का तेही लिहा.

तुमची,
शेनबगम अक्का


कोडाईकनाल,
३० जून २०१८

ती. अक्कांस, सा. नमस्कार.

डोळे तपासले. उत्तम आहेत. त्याला जे नसतं तेसुद्धा स्पष्ट दिसतं.

केंद्रांना फोन केले. सगळीकडे पहिला प्रश्न एकच. "रोज क्वार्टर की हाफ?" मी म्हणतो, पीत नाही. "मग गांजा?" नाही. "मग साहेब, अडचण काय आहे?" मी आवाज खाली करून सांगतो. एक जण म्हणाला, "अळंबी? साहेब, हे पोटाचं प्रकरण दिसतंय." दुसरा जरा जाणकार निघाला. तो म्हणाला, "आमच्याकडे सगळे दारूचे पेशंट आहेत. अळंबीवाला आणून ठेवला तर ते सगळे त्यालाच विचारतील, कुठे मिळते. नको साहेब." तिसऱ्या ठिकाणी मी लाजेने 'एका ओळखीच्या माणसासाठी' म्हटलं. तिथला माणूस फार प्रेमाने म्हणाला, "अण्णा, सगळे असंच म्हणतात. तुम्ही स्वतः या. आम्ही कोणाला सांगत नाही." संध्याकाळी त्याने परत फोन केला. "अण्णा, आज घेतली नाही ना?" हल्ली तो रोज करतो. मी नाही म्हणतो आणि तो शाबास म्हणतो. सध्या मला शाबास म्हणणारा तेवढा एकच माणूस आहे, म्हणून मी त्याची समजूत घातलेली नाही.

तेनीच्या पलीकडचं ठिकाण बघून आलो. व्यवस्थापक अभिमानाने सगळं दाखवत होता. "पहिले दिवस बांधून ठेवतो, साहेब. मग मऊ होतात." खिडकीला तोंड लावून एक म्हातारा उभा होता, त्याने मला विचारलं, "तुम्ही न्यायला आलात की राहायला?" कदिर तिथे राहणार नाही.

पण घाई करायला हवी. परवा पाइनच्या जंगलापलीकडे, जिथे कठडा नाही, तिथे तो कड्यावर पाय खाली सोडून बसला होता. धुकं होतं. बसची वाट बघत बसावं तसा बसला होता. गुराख्याने सांगितलं म्हणून मी धावत गेलो. जवळ जाऊन काय बोलावं सुचेना. नोकरीत असताना मी अळंबीच्या बियाण्यावर तासभर बोलायचो. इथे तोंडातून निघालं, "कदिर, उपमा गार होतोय." तो उठला आणि आला. उपमा केलेलाच नव्हता. घरी येऊन मी करायला घेतला आणि जाळला.

त्याला पूंगोदै दिसते, अक्का. त्यासाठीच खातो. एकदा जांभळी साडी नेसून प्लमच्या झाडाखाली बसली होती. मी अंगात गरम काही घालत नाही म्हणून रागावली. तिच्या कपाटाची हरवलेली किल्ली तांदळाच्या डब्यात आहे म्हणाली. मी सगळा डबा उपसला. नव्हती. हे आपलं सहज लिहिलं.

तुमच्या पाहण्यात दुसरं ठिकाण असेल तर लवकर कळवा.

आपला,
चोक्कलिंगम


तेनकाशी,
६ जुलै २०१८

जावईबापूंना आशीर्वाद.

तुमचं पत्र आलं तेव्हा मी वड्या घालत होते. हात पुसून वाचलं. कड्याचं वाचलं आणि वड्या तशाच राहिल्या.

मग पुन्हा वाचलं. तुम्ही मुके असाल, मी बहिरी आहे, पण वाचता येतं. पोराला आई दिसली, समजलं. पण आई आपणहून किल्लीचा ठावठिकाणा सांगते? मेलेली बाई इतक्या लांबून येते ती कपाटाच्या किल्लीसाठी? कोणीतरी विचारलं असणार. घरात दोनच माणसं. जावईबापू, तुम्ही विचारता. पोरगा नशा करून येतो आणि तुम्ही त्याच्या तोंडून बायकोची खबर काढता.

आणि जांभळी साडी! पूंगोदैने जन्मात जांभळं नेसलं नाही. म्हणायची, जांभळ्या रंगात मी वांग्यासारखी दिसते. तुम्ही इतकी वर्षं तिच्याबरोबर काढलीत, तुमच्या डोक्यात हे आलं नाही? का येऊ दिलं नाहीत?

ती माझ्याबद्दल काही म्हणाली का?

हे वाक्य खोडणार होते. राहू दे. मीही तुमच्याहून शहाणी नाही हे तुम्हाला कळलेलं बरं.

आता नीट ऐका. मदुरैच्या मोठ्या सरकारी दवाखान्यात मनाच्या आजाराच्या डॉक्टर शाहिदा आहेत. माझ्या पुतण्याच्या बायकोची मैत्रीण. तिच्याकडे जा. पोरगा येत नसेल तर एकटे जा आणि किल्लीसकट सगळं सांगा. ती म्हणेल तिथे ठेवा, पण आडी महिना लागायच्या आत. आडीत कोणी नवं काही सुरू करत नाही. आणि राहूकाळ टाळून उंबरठा ओलांडा. बाकी काही ऐकलं नाहीत तरी एवढं म्हातारीचं ऐका.

तुमची,
शेनबगम अक्का


कोडाईकनाल,
१६ जुलै २०१८

ती. अक्कांस, सा. नमस्कार.

होय, विचारतो. प्रत्येक वेळी. तो येतो, पायरीवर बसतो, मी कॉफीचा टंबलर त्याच्या हातात देतो आणि विचारतो, "अम्मा काय म्हणाली?" सूप सरकवल्याची गोष्ट खरी आहे, पण ती जूनमधली नाही, मार्चमधली आहे. मी तुम्हाला लिहायला तीन महिने लावले. मला केंद्र सापडत नव्हतं कारण मी शोधत नव्हतो.

डॉक्टर शाहिदांना हे सगळं सांगितलं. म्हणजे त्यांनी माझ्याकडून काढून घेतलं. "तुम्ही काय घेता?" त्यांनी आधी मलाच विचारलं. मी म्हटलं, कॉफी. "झोप?" येते, पहाटे. "मुलगा आई दिसली म्हणतो तेव्हा तुम्ही काय करता?" ऐकतो. "आणि मग?" मग टंबलर विसळतो. त्यांनी काहीतरी लिहून घेतलं. त्या म्हणाल्या, या नशेत दारूसारखे हात थरथरत नाहीत. बांधून ठेवलं तर मन आणखी बिथरतं. दारूवाल्यांत ठेवून उपयोग नाही. दिंडीगलजवळ नारळाच्या बागेत त्यांच्या ओळखीचं लहान केंद्र आहे, मोजकी माणसं घेतात, तिथे जागा होती. अट एकच, मुलाने स्वतः 'येतो' म्हणायला हवं.

घरी येऊन मी कदिरला विचारलं. आजवरचं माझं सगळ्यांत लांब भाषण ते. "डॉक्टर चांगल्या आहेत. नारळाची बाग आहे. येतोस?" त्याने प्लमच्या झाडाकडे पाहिलं. मग म्हणाला, "येतो, अप्पा."

आडी मंगळवारी लागणार होती, म्हणून मी शनिवार धरला. आरोक्यमची टॅक्सी वेळेवर आली. कदिर पिशवी घेऊन गाडीत बसलाही. मी दाराला कुलूप लावताना घड्याळ पाहिलं. नऊ वाजून गेले होते. शनिवारचा राहूकाळ नऊला लागतो.

मी म्हटलं, "खाली उतर. कॉफी घेऊ. साडेदहानंतर निघू."

आरोक्यम म्हणाला, "साहेब, माझ्या गाडीत राहू बसत नाही. पुढे मेरीमातेचा फोटो आहे." मी त्याला दटावलं. कदिर मुकाट्याने उतरला. आत मी कॉफी गाळत होतो तेव्हा तो म्हणाला, जरा मागे जाऊन येतो. मागे परसात गेला, तिथून कुंपण, तिथून जंगल. साडेदहाला मुहूर्त उत्तम होता. गाडी होती, मी होतो, आरोक्यम होता, मेरीमाता होती.

आज तिसरा दिवस. पोलिसांत कळवलं आहे. गुराखी शोधताहेत. मी कड्यावर रोज जाऊन येतो. मी विज्ञानाचा पदवीधर आहे, हे तुम्हाला आठवत असेल. लग्नाच्या पत्रिकेत छापलं होतं.

आपला,
चोक्कलिंगम


तेनकाशी,
२० जुलै २०१८

जावईबापू,

राहूकाळ मी लिहिला होता. तुम्ही स्वतःला काय म्हणायचं ते म्हणा, पण त्यात अर्धा वाटा माझा धरा. पत्र वाचून मी पंचांग भिंतीवरून काढलं. कुठे ठेवावं कळेना, म्हणून पुन्हा टांगलं, पण तोंड भिंतीकडे करून.

पोरगा सापडला असेल. मी तसं धरूनच लिहिते आहे. तो परत 'येतो' म्हणाला की त्याच घटकेला निघा. आडी असो, अमावास्या असो, समोरून मांजर जावो की प्रेतयात्रा येवो. राहूने विचारलं तर माझं नाव सांगा, तेनकाशीची शेनबगम, मी बघून घेईन.

वर्षश्राद्धाचं मनात आणू नका. मुलगा तोवर केंद्रात असला तर असू दे. नवऱ्याने केलं तर चालतं. घरातली वडील बाई म्हणून मी सांगते आहे, कोणी शास्त्र दाखवलं तर माझ्याकडे पाठवा.

सापडला की एका ओळीचं कार्ड टाका. तेवढ्याला सही कुठे करायची ते मी सांगायला नको.

शेनबगम अक्का


कोडाईकनाल,
५ ऑगस्ट २०१८

ती. अक्कांस, सा. नमस्कार.

कार्ड मिळालं असेल. 'सापडला' एवढंच लिहिलं होतं, पोस्टमास्तरने वाचून 'काय सापडलं, साहेब?' म्हणून विचारलं. मी छत्री म्हटलं.

तो स्वतःच आला होता. इतके दिवस मन्नवनूरच्या बाजूला एका गाजराच्या शेतातल्या खोपटात पडून होता. अंगात ताप, कपडे ओले. मी दार उघडलं. अक्का, मी विचारलं नाही. जीभ अगदी टाळ्याला येऊन टेकली होती, पण विचारलं नाही. टॉवेल दिला. तो माझ्याकडे बघत उभा राहिला, काहीतरी चुकल्यासारखा. मी पेज केली. बरी झाली होती.

त्यानंतरही नाही विचारलं. आम्ही दोघे नुसते भांडी वाजवत होतो.

गेल्या मंगळवारी दुपारी मी भांडी घासत होतो. तो मागे येऊन म्हणाला, "अप्पा, चला. आत्ता." मंगळवारी तीनला राहूकाळ लागतो आणि तेव्हा सव्वातीन झाले होते. आडी चालू. मी साबणाच्या हातांनी आरोक्यमला फोन केला. तो आला, घड्याळाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाला, "कॉफी घेणार का, साहेब?" मी म्हटलं, "गाडी चालव." निघताना तंगराजची बायको रिकामी घागर घेऊन समोरून आली. मला शिंक आली. काही म्हणता काही राहिलं नाही.

घाट उतरताना कदिर बोलायला लागला. खिडकीबाहेर बघत.

"अप्पा, तुम्ही हल्ली विचारत नाही."

"नाही."

"बरं झालं." मग म्हणाला, "अम्मा मला दोनदाच दिसली. पोंगलच्या सुमाराला. पाठमोरी होती. बोलली नाही."

मी म्हटलं, "आणि बाकीच्या वेळी?"

"बाकीच्या वेळी रंग दिसतात. दगड श्वास घेताना दिसतात. एकदा आपली गाय निळी दिसली. अम्मा नाही. पण तुम्ही पायरीवर टंबलर घेऊन बसलेले असायचात. रिकाम्या हातांनी घरी कसं यायचं? मग वाटेत काहीतरी जुळवायचो."

"किल्ली?"

"मला काय माहीत किल्ली कुठे आहे. बायका तांदळात ठेवतात म्हणून म्हटलं. तुम्ही अख्खा डबा उपसाल असं वाटलं नव्हतं."

"जांभळी साडी?"

"मला जांभळा आवडतो."

आरोक्यम आरशात बघत नव्हता, हे त्याचे उपकार. मी विचारलं, "आणि त्या दिवशी, कड्यावर?"

तो म्हणाला, "त्या दिवशी काहीच सुचत नव्हतं. म्हणून बसलो होतो."

पुढच्या वळणावर मी गाडी थांबवायला लावली, उतरलो आणि ओकलो. घाट लागला, असं आरोक्यमला सांगितलं. या घाटाने मी जन्मभर वर-खाली केलं आहे, त्याला ते माहीत आहे. कदिर उतरला आणि त्याने माझं कपाळ धरलं. पूंगोदै धरायची तसं नाही, जरा जोरात. कानाला लागलं. पण हात खरा होता.

आम्ही वेळेत पोचलो. त्याने दारात स्वतः 'आलो' म्हणून सांगितलं. तिथली बाई म्हणाली, "वडिलांनीही दर शनिवारी यायचं आहे. मुलाशी बोलायला." मी म्हटलं, मला बोलता येत नाही. ती म्हणाली, "मग तुम्हालाही उपचार लागतील."

आपला,
चोक्कलिंगम


कोडाईकनाल,
२६ ऑगस्ट २०१८

ती. अक्कांस, सा. नमस्कार.

कदिर बरा आहे, असं डॉक्टर म्हणतात. झोपतो. पहिल्या आठवड्यात चिडचिड झाली, एकदा पिशवी भरून फाटकापर्यंत गेला आणि परत फिरला. फाटकाला कुलूप नसतं. आता बागेत नारळ सोलतो. त्याला अजून मधूनमधून भिंत हलताना दिसते. हलू दे, म्हणतो, आणि सोलत राहतो. अजून बराच काळ राहावं लागेल. तिथीला तो येणार नाही. मी करीन, तुम्ही सांगितलंत तसं.

तुम्हाला लिहिण्याचं कारण शनिवार आहे. नारळाखाली दोन खुर्च्या टाकतात आणि निघून जातात. पहिल्या शनिवारी मी त्याला हवामान सांगितलं. ढगाळ, म्हटलं. दुसऱ्या शनिवारी पेअरचा भाव सांगितला. तो ऐकत होता. तो सभ्य मुलगा आहे, आईवर गेला आहे. मग त्याने विचारलं, "अप्पा, अम्मा खरी कशी होती? म्हणजे मी नव्हतो तेव्हा."

अक्का, इतके महिने मी त्याला विचारत होतो आणि तो बिचारा काही ना काही आणून देत होता. आता त्याने एकदाच विचारलं तर माझ्याकडे काही नाही. तिला वांग्यासारखं दिसायला आवडायचं नाही, हे तुम्ही कळवलेलं सांगितलं. तो हसला. मोठ्याने हसला, नारळ सोलणारे बाकीचे बघायला लागले. मग लग्नानंतर पहिल्यांदा कोडाईला आलो तेव्हा ती थंडीने तीन दिवस माझ्याशी भांडत होती ते सांगितलं. म्हणजे भांडत ती होती, मी लाकडं आणत होतो. त्यावरही हसला.

मग संपलं. मी एकाच बाईबरोबर आयुष्य काढलं आणि माझ्याजवळ दोन गोष्टी निघाल्या. माझ्या ध्यानात आलं ते असं की घरात बोलायची ती, त्यामुळे लक्षात ठेवायचं कामही मी तिच्यावरच सोडलं होतं.

तुमच्याजवळ असतील. लहानपणच्या, तरुणपणच्या, कशाही. लिहून पाठवा. तिची बाजू वाईट असेल तरी चालेल. फक्त खऱ्या पाठवा. बनवलेल्या आम्ही दोघांनी खूप वापरल्या.

आपला,
चोक्कलिंगम


तेनकाशी,
३१ ऑगस्ट २०१८

जावईबापूंना आणि कदिरला आशीर्वाद.

हे पत्र फाडू नका, शनिवारी बरोबर न्या.

तुम्ही मुलगी बघायला आलात तो दिवस. तुमच्या मावशीने आमच्या केसरी शिऱ्याला नावं ठेवली, तुमच्या वडिलांनी घराची मापं काढली, आणि तुम्ही खांबाला टेकून बसलात ते उठेपर्यंत एक अक्षर बोलला नाहीत. आमच्या अप्पांनी तुम्हाला विचारलं, "मुलीला काही विचारायचं आहे का?" तुम्ही खांबाकडे बघून मान हलवलीत. ती हो होती की नाही, यावर आमच्याकडे रात्री जेवताना वाद झाला.

तुम्ही गेल्यावर पूंगोदै मला मागच्या दारी घेऊन गेली. म्हणाली, "अक्का, तो मुका आहे का गं?"

मी म्हटलं, "नसावा. पदवीधर आहे म्हणतात."

"मग बोलला का नाही?"

"घाबरला असेल. नको असेल तर सांग, मी अप्पांना सांगते."

तिने विहिरीच्या काठावर बसून विचार केला. पाय हलवत बसली होती, उजव्या पायातलं पैंजण सैल होतं, ते खाली पडलं आणि विहिरीत गेलं. तिला त्याचं काही नाही. म्हणाली, "नको कशाला? घरात एकाने बोललं तरी पुरतं. मी बोलेन."

पैंजण माझं होतं. मागून नेलं होतं. तिने अप्पांना सांगितलं, अक्काने हरवलं, आणि मार मी खाल्ला. तिची वाईट बाजू पाहिजे म्हणालात, म्हणून लिहिलं.

कदिर हसला नाही तर कळवा, दुसरी पाठवते. हसला तरी कळवा. त्याचं उत्तर त्याच्याच हाताने तुमच्या पत्राखाली लिहून घ्या. तो काय म्हणाला ते मला तुमच्या तोंडून नको.

तुमची,
शेनबगम अक्का